त्या दिवशी माझाही हात वर होता

समाजमंडळाचे माननीय अध्यक्ष आबासाहेब, सर्व पदाधिकारी आणि पंचमंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या वार्षिक सभेत आपण अकरा कलमांची आचारसंहिता मंजूर केली. डीजे नको, प्री-वेडिंगचं शूटिंग नको, हुंडा नको, हळद घरच्या घरी, लग्न मुहूर्तावर, पंगतीत पाचच पदार्थ, साड्या आणि टोपी-टॉवेलचा आहेर बंद, माणूस गेल्यावरचं गंधमुक्तीचं जेवण बंद. शेवटच्या कलमाबद्दल पुढे लिहिते, बाकीची मला आठवत नाहीत, तुम्हालाही आठवत असतील असं नाही. सचिव एकेक कलम वाचत होते आणि ‘मंजूर असेल त्यांनी हात वर करा’ म्हटलं की सगळं मंगल कार्यालय हात वर करत होतं. एकही हात खाली नाही. त्याचा फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्या फोटोत बायकांच्या तिसऱ्या रांगेत मी आहे. हात वर.

सभेनंतर एकवीस दिवसांनी, ज्यांनी ठराव मांडला होता त्यांच्याच घरी लग्न झालं. नाव घेत नाही. वरात मारुतीच्या पाराशी दोन तास अडली होती. आमच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडचे पत्रे डीजेच्या ठोक्याबरोबर थरथरत होते, आणि बारा पस्तीसचा मुहूर्त तीनच्या पुढे लागला. पंगतीत मीही होते. पाच पदार्थांचं कलम आठवून मोजायला घेतलं, चौदापर्यंत पोचले, तेवढ्यात वाढप्याने आग्रहाने गुलाबजाम टाकला आणि मी मोजणं सोडलं.

हे पत्र चहाडीसाठी नाही. त्या माणसाने सभेत खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्यांना डीजे खरंच नको होता, आणि तरी त्यांनी तो आणला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात कशा राहतात, हे कळल्याशिवाय आपण अकरा काय, एकशे अकरा कलमं केली तरी फोटोपलीकडे काही निघायचं नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी माझ्या हाताबद्दल सांगते. गंधमुक्तीचं कलम वाचलं तेव्हा माझा हात मांडीवरच होता. मला ते कलम पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. सुरतेहून, पुण्याहून, शहाद्याहून माणसं सकाळी निघून येतात. त्यांना उपाशी परत पाठवायचं? गोड नको, आग्रह नको, हजार पानं नकोत, सगळं मान्य. पण वरण-भात, पोळी आणि वांग्याची भाजी एवढं मिळालंच पाहिजे. हे उठून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी डावीकडे पाहिलं. जाऊबाईंचा हात वर गेला होता. उजवीकडे पाहिलं, तिकडचाही गेला होता. मग माझाही गेला. सभा संपल्यावर चहाच्या वेळी जाऊबाई हळूच म्हणाल्या, ‘‘ते जेवणाचं काही मला बरोबर वाटलं नाही, पण तुमचा हात वर दिसला. म्हटलं, मॅडमचा हात वर आहे म्हणजे आपलंच काही चुकत असेल.’’

मी त्यांच्याकडे पाहून हात वर केला होता आणि त्यांनी माझ्याकडे पाहून. आबासाहेब, आपला एकमताचा ठराव असा झालेला आहे.

यात अमेरिकेतल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. शिक्षिकेची खोड, सांभाळून घ्या. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१च्या सुमारास कॉलेजच्या मुलांना एका खोलीत बसवलं आणि दोन कार्डं दाखवली. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. तिघींपैकी पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढंच सांगायचं. पहिलीच्या पोरालाही जमेल असं. गोम अशी होती की त्या सात-आठ जणांत खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे आधीच शिकवून ठेवलेले. ते एकापाठोपाठ एक ठणकावून चुकीचं उत्तर द्यायचे आणि याची पाळी शेवटाकडे यायची. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादीही चूक न करणारी ही मुलं. पण गटात बसवल्यावर अशा वेळच्या साधारण एक तृतीयांश उत्तरांत ती गटाबरोबर वाहवत गेली. चारातल्या तिघांनी एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून बाकीचे म्हणाले ते म्हटलं. आणि तिथे तर ओळखीचं कुणी नव्हतं! ना सोयरीक जोडायची होती, ना उद्या दारावर कुणी यायचं होतं. रेघ लांब म्हटली काय आणि आखूड म्हटली काय, कुणाच्या पोरीचं लग्न मोडणार नव्हतं.

या प्रयोगाचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्या मुलाच्या बाजूने खरं बोलणारा एक, फक्त एक माणूस गटात ठेवला, की वाहवत जाणं चौथाईवर यायचं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्या म्हटलं, तरीही ते पुष्कळ कमी व्हायचं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे मला त्याचं काम आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या धाकट्याचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं. आम्हा नवराबायकोचं ठरलेलं होतं: दीडशे माणसं, सकाळचं लग्न, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मुलगाही तयार होता. सुपारी फोडायला गेलो तेव्हा आमच्याकडून नऊ माणसं आणि त्यांच्याकडून अकरा. मोठे दीर, मामा, मावसकाका, मध्यस्थ. मला आणि व्याह्यांना एकमेकांशी सरळ बोलायची गाठच पडली नाही. आमच्या मोठ्या दिरांनी सुरुवात केली, ‘‘घरातलं शेवटचं लग्न आहे.’’ तिकडून मुलीचे काका म्हणाले, ‘‘आमच्याकडून काही कमी पडणार नाही.’’ मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाची आई म्हणून. आणि मी म्हणाले, ‘‘तुमच्या हौसेने करा. आमचं काही म्हणणं नाही.’’

‘आमचं काही म्हणणं नाही.’ आपल्याकडे या चार शब्दांइतकं महाग वाक्य दुसरं नाही. बोलणाऱ्याला वाटतं आपण काही मागितलं नाही. ऐकणाऱ्याला त्यात सगळं मागितलेलं ऐकू येतं. मला म्हणायचं होतं, ‘साधं केलं तरी चालेल.’ त्यांना ऐकू आलं, ‘बघू तुमची हौस किती ती.’

लग्न झालं ते बाराशे माणसांचं. त्यांनी लॉन घेतलं, म्हणून आम्ही डीजे आणला. आम्ही डीजे आणतोय कळल्यावर त्यांनी स्वागताला फेटेवाले सांगितले. फेटे दिसल्यावर आमच्या दिरांनी घोडीची बग्गी केली. आहेराच्या साड्यांचं तर विचारूच नका. बस्त्याच्या दुकानात तीन दिवस गेले. त्यातली एक साडी मागच्या वर्षी मला दुसऱ्याच एका लग्नात मिळाली. घडीत एक चिठ्ठी तशीच राहून गेली होती, त्यावर माझ्याच अक्षरात ‘धुळ्याच्या मामी’ लिहिलेलं.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सून माहेरी निघाली, तिला पोचवायला मीही शिरपूरकडे गेले. चैत्र-वैशाखातलं ते ऊन, ओसरीत पंखा गरगरतोय, आमरसाचं पातेलं झाकून ठेवलेलं, आणि मागच्या अंगणात विहीणबाई खापरावर मांडे टाकत होत्या. बोलता बोलता व्याह्यांनी शेताचा विषय काढला. लग्नासाठी एक एकर गहाण पडलं होतं, ते अजून सुटलेलं नव्हतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी विचारलं, ‘‘मग एवढं केलंत कशाला? आम्ही तर काही मागितलं नव्हतं.’’ ते म्हणाले, ‘‘विहीणबाई, आता घरातल्या घरात सांगतो. मला दोनशे माणसांतच उरकायचं होतं. पण तुम्ही म्हणालात, हौसेने करा. म्हटलं, शिकलेले लोक आहेत, तोंडाने मागणार नाहीत. आपण कमी केलं तर पोरीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.’’ मी म्हणाले, ‘‘आम्हाला तर दीडशेच बोलवायचे होते. डीजे आणला तो तुमच्या पाहुण्यांत आमचं हसू होऊ नये म्हणून.’’

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मांडा हातावर फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा असतो, मध्येच हात थबकला तर तो फाटतो. विहीणबाईंचा हात थबकला नाही. त्यांनी तो खापरावर अलगद सोडला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘‘माले कोन इचारस?’’

दोन घरं. चारही माणसांना साधं लग्न हवं होतं, पाचवा नवरदेवही त्याच मताचा. नवरीला नंतर विचारलं, ती सहावी. आणि लग्न झालं ते या सहापैकी एकालाही नको होतं तसं. मग कुणाला हवं होतं? मोठ्या दिरांना म्हणावं, तर त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात काढलेलं कर्ज सात वर्षं फेडलं आहे, आणि ते मला म्हणाले, ‘‘मी तुमच्यासाठीच बोललो, वहिनी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.’’

माझ्या सासूबाई प्रत्येक गोष्टीला एकच विचारायच्या, ‘‘लोके काय म्हनतीन?’’ मी या घरात आले तेव्हा मला त्याचा राग यायचा. मास्तरीण होते, नवे विचार होते. पण सासरे वारले तेव्हा पोळा तोंडावर होता, कापूस अजून बोंडात होता, घरात पैसा नव्हता, आणि गंधमुक्तीला किती पानं करायची यावर भाऊबंद बसले. लाडू करायचे ठरले. कापसावर व्यापाऱ्याकडून उचल घेतली. मी आतल्या खोलीत होते, मला सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याला बाजूला बोलावून दोन शब्द सांगता आले असते. सांगितले नाहीत, कारण बाहेर बसलेल्या बायका म्हणतील, सून शिकलेली आहे, सासऱ्याच्या तोंडात शेवटचा घास जाऊ देत नाही. त्या वर्षीचा पहिल्या वेचणीचा कापूस त्या व्यापाऱ्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने गेला. गंमत पुढे आहे. वर्षभरात गल्लीत दुसरं एक उत्तरकार्य झालं, त्या लोकांनी फक्त वरण-भात केला, आणि मी, हो मीच, घरी येऊन म्हणाले, ‘‘एवढं कमवून बापाला काय दिलं!’’

आधी आपण लाजेखातर एखादी गोष्ट करतो. ती करताना जीव जळतो. पण एवढा खर्च करून झाल्यावर तो मूर्खपणा होता असं स्वतःशी कबूल करणं त्याहून जड जातं. म्हणून मग ती गोष्टच बरोबर होती असं मन सांगू लागतं. ‘लग्न काय पुन्हा पुन्हा होतं?’ ‘हौसेला मोल नसतं.’ ‘बापाचं एकदाच करायचं असतं.’ आणि एकदा हे पटलं की आपण स्वतःच त्या ‘लोकां’त जाऊन बसतो, ज्यांना भिऊन आपण हे केलं होतं. सासूबाईंच्या तोंडचे लोक कोण, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातली एक मी होते.

लग्नाजेवणापुरतं हे राहिलं असतं तर कर्जाशिवाय कुणाचं काही गेलं नसतं. पण १ जुलै २०१८ला आपल्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्याआधी बरेच दिवस मोबाइलवर तसल्या अफवा फिरत होत्या. माझ्याही मोबाइलवर आल्या होत्या, मीही दोन जणींना पुढे पाठवल्या होत्या, ‘काळजी घ्या’ म्हणून. एवढ्या गर्दीत एकाच्याही मनात ‘हे खरं कशावरून?’ असं आलं नसेल, हे मला पटत नाही. आलं असणार. पण शेजारच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली नाही, म्हणून स्वतःची गिळून टाकली असणार. मंगल कार्यालयात मी जशी गिळली तशीच. माप वेगळं आहे, मला कळतं. रीत वेगळी नाही.

आणखी एक. आपल्या वधू-वर सूचीत मुलींच्या अपेक्षांचा रकाना वाचा. बहुतेक ठिकाणी ‘नोकरदार, शक्यतो पुणे’. त्याखाली, ‘गावी शेती असल्यास प्राधान्य’. म्हणजे शेती हवी, शेतकरी नको. लिहिणारे बाप कोण आहेत? कापूस आणि केळी पिकवणारे आपणच. मी दोन मुलींना एकटं गाठून विचारलं. एक म्हणाली, शेती करणारा चालेल, दारूडा नको. दुसरी म्हणाली, चालेल, पण मैत्रिणी काय म्हणतील. आज गावोगाव तिशी ओलांडलेली पोरं बसून आहेत, दलालांना पैसे देऊन परराज्यातून बायको आणायला निघाली आहेत, त्यांत फसताहेत. या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे की ‘शेतकऱ्याला हल्ली कुणी मुलगी देत नाही’. आणि कुणी देत नाही म्हणून कुणी देत नाही.

आता मुद्द्यावर येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं नोकरी केली, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी तितकीच केली. ग्रामपंचायतीच्या वेळी गावभर एकाच पॅनेलच्या टोप्या दिसतात आणि मोजणीला दुसरंच निघतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. टोपीवाला खोटारडा नसतो. त्याला पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक मिनिट एकटं मिळालं, एवढाच फरक. दारूबंदीसाठी आपल्या राज्यात बायका ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान करतात, तेही गुप्तच असतं. ज्यांचे नवरे दुकानाच्या ओट्यावर बसलेले असतात, त्या बायकांना भर सभेत हात वर करायला लावलं असतं तर किती बाटल्या आडव्या झाल्या असत्या?

म्हणून माझी पहिली मागणी अशी. ते अकरा ठराव पुन्हा मांडा, पण हात वर करून नाही. चिठ्ठीवर. नाव नाही, गाव नाही, प्रत्येक कलमापुढे ‘हवं’ किंवा ‘नको’. घरटी एक मत चालणार नाही, कारण मग ते मत कर्त्या पुरुषाचंच होतं. सून, सासू, कॉलेजात जाणारी मुलगी, तिचा भाऊ, सगळ्यांना एकेक चिठ्ठी. आणि मोजणी माइकवर, सगळ्यांसमोर, आकडे वाचून. या आकड्यांतच सगळं आहे. डीजे नको असलेले पुष्कळ निघतील असा माझा अंदाज आहे. पण ते नुसते असून भागत नाही. ते पुष्कळ आहेत हे एकमेकांना कळावं लागतं. माझ्या व्याह्यांना माझ्या मनातला दीडशेचा आकडा सुपारीच्या दिवशी कळला असता, तर त्यांचं एक एकर आज मोकळं असतं. कदाचित गंधमुक्तीच्या कलमावर माझंच मत हरेल. हरू द्या. निदान खरं तरी हरेल.

दुसरी मागणी चीनकडून उसनी घेतली आहे. तिकडे सुमारे हजार वर्षं मुलींची पावलं लहानपणीच आवळून बांधायचे, हाडं मोडून पाऊल मूठभर व्हायचं, कारण मोठ्या पावलाच्या मुलीला स्थळ मिळत नाही. कुठल्याही एका आईला ते बंद करणं शक्य नव्हतं. स्वतःच्या मुलीचे पाय मोकळे सोडायचे आणि तिला जन्मभर घरी बसवायचं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे मंडळं निघाली, शांघायमधलं एक मोठं मंडळ १८९५चं. त्यांतल्या सभासदांची शपथ दुहेरी होती. मी माझ्या मुलीची पावलं बांधणार नाही, आणि माझ्या मुलाला बांधलेल्या पावलांची बायको करणार नाही. दुसऱ्या अर्ध्या शपथेमुळे पहिली अर्धी शक्य झाली, कारण मोकळ्या पावलांच्या मुलींना स्थळं आपोआप तयार झाली. राज्यकर्त्यांचे हुकूम आणि नव्या शाळांतलं शिक्षणही मदतीला आलं, ते खरंच. तिकडच्या तिंग नावाच्या परगण्याची मोजदाद झालेली आहे. १८८९ला तिथे ९९ टक्के मुलींची पावलं बांधत, १८९९ला ९४ टक्के, आणि १९१९ला एकीचीही नाही. हजार वर्षांची रीत तीस वर्षांत गेली. आपल्याकडे हुंडा देणं आणि घेणं या दोन्हींना गुन्हा ठरवणारा कायदा १९६१ला झाला. त्यालाही आता साठाच्या वर वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून ‘हुंडा नाही, पण मुलीच्या अंगावर काय घालायचं ते तुम्ही बघा’ असं बोलतो.

तेव्हा वधू-वर सूचीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा. मुलाकडचे आणि मुलीकडचे, दोघांसाठी तीच: ‘आम्ही हुंडा, डीजे आणि आहेर देणार नाही, घेणार नाही, आणि अशाच घराशी सोयरीक करू.’ खाली आईची आणि बापाची, दोघांची सही. ज्यांना सही करायची नाही त्यांनी करू नये, त्यांची नावंही सूचीत तशीच राहतील, मागेपुढे न करता. पहिल्या वर्षी वीस घरं निघाली तरी चालतील. वीस घरांत सोयरिकी होतात. आणि त्या विसांत पदाधिकाऱ्यांची घरं आधी हवीत. गरिबाने साधं लग्न केलं की लोक म्हणतात, ऐपत नव्हती. बागायतदाराने केलं तरच त्याला विचार म्हणतात. अन्याय आहे, पण आहे.

तिसरी गोष्ट मागणी म्हणून नाही, इशारा म्हणून लिहिते. शेवटच्या कलमात आपण लिहिलं आहे की आचारसंहिता मोडणाऱ्याच्या कार्याला समाजाने जाऊ नये आणि त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. ते वाचताना टाळ्या सगळ्यांत जोरात पडल्या. ते कलम काढून टाका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य आहे. कायदा २०१६चा, जुलै २०१७पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराची भाषा कागदावर आणणारी पंचमंडळी त्याच्या कक्षेत येऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक विचारते. लोकांच्या भीतीने डीजे आणणारा माणूस आता पंचांच्या भीतीने तो बंद करणार, तर बदललं काय? भिणं तेच राहिलं. उद्या पंच बदलले आणि त्यांनी पुन्हा काही भलतंच फर्मान काढलं, तर हीच माणसं तेही ऐकतील. जातपंचायती अशाच तर चालत आल्या.

सभेत एका तरुणाने भाषणात म्हटलं, एकाने पुढे व्हावं, बाकीचे मागे येतील. मी राहते त्या अमळनेरात असा एक माणूस होऊन गेला, प्रताप हायस्कुलात मास्तर होता. साने गुरुजी. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना खुलं व्हावं म्हणून गावोगाव फिरले आणि १ मे १९४७ला उपोषणाला बसले. दहा दिवसांत दार उघडायचं मान्य झालं. त्यांना विरोध करणारे थोडे नव्हते आणि शहाणपण शिकवणारे त्याहून जास्त होते. पण आपण कुणी साने गुरुजी नाही, मी तर नाहीच. मी शेजारणीकडे पाहून हात वर करणारी बाई आहे. एकट्याने उभं राहायची छाती सगळ्यांना देव देत नाही, म्हणून तर चिठ्ठी मागते आहे. शूर माणसासाठी सभा पुरते. तुमच्या-माझ्यासारख्यांना पुठ्ठ्याचा आडोसा लागतो.

एक छोटा प्रयोग मी करून पाहिला आहे, परवानगी न घेता. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत चौदा बायका होत्या. आधी तोंडी विचारलं, लग्नातला साडीचा आहेर बंद करायचा का? सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, ‘‘रीत आहे, कशी मोडायची?’’ बाकीच्यांनी माना हलवल्या. मग मी कागदाचे तुकडे वाटले आणि स्टीलचा डबा फिरवला. अकरा चिठ्ठ्या ‘बंद करा’ अशा निघाल्या. दोन ‘चालू ठेवा’. एक कोरी. मोजून झाल्यावर ज्या हसल्या! ‘रीत आहे’ म्हणणारीच सगळ्यांत जास्त हसत होती. तिची चिठ्ठी कुठली ते मी विचारलं नाही.

तेव्हा आबासाहेब, पुढची बैठक दिवाळीच्या आधी लावा, कापसाची वेचणी अंगावर यायच्या आत. मतपेटी नसली तरी चालेल, तो स्टीलचा डबा मी आणते. चारशे चिठ्ठ्या कापूनही ठेवल्या आहेत. आधी जुन्या लग्नपत्रिका घेतल्या होत्या, पण त्यांचा कागद इतका गुळगुळीत की बॉलपेन उठत नाही. म्हणून मग गंधमुक्तीच्या पत्रिका काढल्या. त्या घरात ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवल्या होत्या, कुणाला न सांगता, कपाटावर. त्यांची मागची बाजू साधी असते आणि कोरी.

आपली,
एक आजीव सभासद
अमळनेर